दांडा भिंतीकडे

भिंतीकडे

"दांडा भिंतीकडे. भिंतीकडे, जितेंद्र! भिंत कुठली ते तरी कळतं ना?"

जितेंद्रने तवा अंगणातल्या चुलीवरून उचलला, स्वतःभोवती अर्धवट फिरला आणि पुन्हा ठेवला. दांडा विहिरीकडे गेला.

"ही विहीर," प्रिस्का म्हणाली. "हिच्यात पाणी असतं. भिंतीला रंग असतो."

"मम्मी, दांडा कुठे का असेना, केकला काय फरक पडतो?"

"केकला नाही पडत. माझ्या पायाला पडतो." तिने पाय पुढे केला, तसा घोट्यावरचा कपडा जरा वर सरकला. तिथे एक गुळगुळीत, फिकट पट्टा होता. "ही बघ निशाणी. तुझी बायको जीना तेव्हा शाळेत होती. दांडा असाच मध्ये आलेला, मी बादली घेऊन येत होते. तेव्हापासून या घरात दांडा भिंतीकडे."

जितेंद्रने दांडा भिंतीकडे केला. तवा बिडाचा, खोल, जड झाकणाचा, आणि दांडा हातभर लांब. त्याच्या आणि जीनाच्या आचोळ्याच्या फ्लॅटमधल्या स्वयंपाकघरात तो दारातून आत आला असता की नाही कोण जाणे.

प्रिस्का हे सगळं प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून बोलत होती. दोन्ही हात काखेत घट्ट दाबून. सुटले तर कुठे जातील याचा भरवसा नव्हता.

तिचा नवरा लुईस प्रायश्चित्तकाळात, ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत, वारला होता, त्याला अजून वर्ष व्हायचं होतं. घर दुखवट्यात होतं. दारावर तारा नाही, नाताळचा गोठा नाही, आणि गोडधोड तर नाहीच. गोडाचा कायदा लुईसच्या थोरल्या बहिणीचा, रोझमेरीबायचा. गिरीज गावात जन्म-मरणाचे कायदे फादरना विचारण्याआधी लोक तिला विचारत.

"घरातल्या बाईचा हात वर्षभर गोडाला लागता नये," ती म्हणाली होती. "तुझा नाही, जीनाचा पण नाही."

"जीना लग्न होऊन गेली ना, बाय."

"रक्त जातं का लग्न होऊन?"

प्रिस्काने बराच विचार केला आणि एक गोष्ट तिच्या लक्षात आली. जावयाबद्दल रोझमेरीबाय काही बोलली नव्हती. जावई परक्या घरचा. वर साताऱ्याचा.

"मी फक्त अंड्याची भुर्जी करतो," जितेंद्र तेव्हाच म्हणाला होता.

"केकमध्ये अंडी असतात," प्रिस्काने सांगितलं आणि विषय संपवला.

केक केला नसता तरी चाललं असतं, असं जीना सकाळपासून म्हणत होती. खरं तर केकची टंचाई नव्हती. दुखवट्याच्या घरी शेजारी फराळ पाठवतात, तशा कालपासून टेबलावर ताटल्या साचत चालल्या होत्या. एक केक हिरव्या-लाल टुटीफ्रुटीचा. एकाला साबणाचा वास. एक जितेंद्रने बोटाने दाबून बघितला, तर तो परत वर आला.

"ह्याला उशी म्हणतात," प्रिस्का म्हणाली.

पण फडताळात बरणी होती. जानेवारीत, तीन राजांच्या सणाला, नाताळची खरकटी भांडी धुऊन झाली की लगेच, ती पुढच्या नाताळसाठी बरणी भरत असे: सुकेळी म्हणजे सुकवलेली केळी, काजू, संत्र्याची साल, आलेपाक, आणि वर रम. यंदाही भरली होती, लुईस होता तेव्हा. बरणीला काय माहीत दुखवटा.

"आणि दुसरं कारण पण सांग," जीना पडवीच्या पायरीवरून म्हणाली.

"दुसरं काही नाही."

"आहे. पप्पाची पैज."

"तू गप्प बस. साखर जाळ रे जितेंद्र. करपवायची नाही, जाळायची. दोन्हीतला फरक म्हणजे —"

"मम्मी, धूर!"

"— हाच."

कुठेही

पैज अशी.

दर नाताळला केक कापला जाई तेव्हा पहिला तुकडा जयवंतचा. वालीवच्या फाउंड्रीत लुईस मोल्डर होता, ओतकामाचे साचे करणारा, आणि जयवंत भट्टीवर. जयवंत तुकडा तोंडात टाके, डोळे मिटे आणि विचारी, "तर, केक कोनाचा?"

"माझा," लुईस म्हणे.

"माझा," प्रिस्का म्हणे.

"ही नुसतं पीठ कालवते."

"हा नुसता निखाऱ्यांसमोर बसतो. हातात ग्लास घेऊन."

आणि तो खरंच बसे. लाकडाच्या बुटक्या पाटावर, चुलीला नाक लावून, हातात फडकं. केक होईपर्यंत उठत नसे. आणि बसून एकच काम करी: तवा फिरवी. दांडा भिंतीकडे असेल तर विहिरीकडे. मग फणसाकडे. मग रस्त्याकडे. प्रिस्का बाहेर येई, दांडा मध्ये आलेला बघे आणि तिचं डोकं फिरे.

"अरे सारखा सारखा काय हलवतोस? देवाने दिलेला हात आहे म्हणून?"

"हलवत नाही. बघतो."

"काय बघतोस?"

"आग."

"आग पळून जाते का?"

ती दांडा भिंतीकडे करून आत जाई. परत बाहेर आली की दांडा कुठेही. पाय भाजला त्या वर्षी ती महिनाभर त्याच्याशी धड बोलली नव्हती, आणि तरी पुढच्या नाताळला तो पाटावर, हातात फडकं, दांडा फणसाकडे.

गेल्या नाताळला, जयवंतच्या समोर, ती म्हणाली होती, "पुढच्या वर्षी तू चुलीजवळ यायचंच नाही. आग काय, कोणीही बघेल. मग कळेल केक कुणाचा."

लुईस हसला. "कर की," म्हणाला.

एवढंच. मग तीन राजे आले, बरणी भरली, राखेच्या बुधवारी प्रायश्चित्तकाळ सुरू झाला, आणि एका दुपारी तो जेवण झाल्यावर आडवा झाला तो उठलाच नाही. वाद अर्धा टाकून जाणारा माणूस. तिला त्याचा सगळ्यात जास्त राग याचाच होता.

भिंतीकडे

तव्याला तूप, तुपावर केळीचं पान, पानावर पीठ. करवंट्यांचे निखारे खाली, तेवढेच झाकणावर. जितेंद्रने हे सगळं केलं, आणि प्रिस्काने खुर्चीतून प्रत्येक गोष्टीला नाव ठेवलं. पान उलटं लावलं. पीठ असं ओततात का, सिमेंट आहे का ते. चिमटा असा धरतात का, निखारा आहे, झुरळ नव्हे.

"मम्मी, तुम्ही ऑफिसात मॅनेजर हव्या होतात," जितेंद्र म्हणाला. त्याचे डोळे धुराने लाल झाले होते.

"आमच्या शाळेत मी शिपाई होते. मॅनेजर माझं ऐकायचे."

जीनाने फोनवर बघितलं. "इथे लिहिलंय एकशे ऐंशी डिग्री."

"त्या फोनला चुलीत घाल, म्हणजे कळेल किती डिग्री."

आणि वास आला. जळलेल्या साखरेचा, रमचा, केळीच्या पानाचा. प्रिस्काने मान वळवून विहिरीकडे बघितलं, बराच वेळ.

मग वास बदलला.

"काढ. काढ, काढ!"

झाकण निघालं. केक फुगला होता, वरून तांबूस, छान. जितेंद्रने पानासकट ताटात उलटा केला. एका बाजूला चंद्रकोरीसारखा भाग काळाठिक्कर. दुसऱ्या बाजूला, बोट लावलं तर, ओलसर.

"बावखलाची बाजू," प्रिस्का म्हणाली. घरामागे बावखल, पाण्याने भरलेलं छोटं तळं, होतं आणि तिकडून डिसेंबरचा वारा येत होता. "वाऱ्याने निखारे फुलले. तिथे पत्रा लावायला नको? एवढं पण सांगायचं?"

"तुम्ही सांगितलं नव्हतं."

"श्वास घे, असं सांगितलं होतं का?"

अजून भिंतीकडेच

पत्रा लावला. जुन्या कोंबड्यांच्या खुराड्याचा, बावखलाच्या बाजूला, विटा टेकवून. जितेंद्रने निखारे सारखे पसरले, एखादी चादर घालावी तसे. जीना म्हणाली, आता तर ह्याला घरी पण कामाला लावता येईल.

पीठ पुन्हा. साखर पुन्हा. या वेळी साखर नीट जळली आणि जितेंद्रला त्याचा इतका आनंद झाला की त्याने आपल्या आईला फोन करून सांगितलं. प्रिस्काने फोन संपेपर्यंत डोळे मिटून घेतले.

बरणीत आता तळाला उरलं होतं ते एका केकचं.

दांडा भिंतीकडे. निखारे वर, खाली. वारा नाही. पान सुलटं. चूक व्हायला जागाच ठेवली नव्हती.

केक ताटात आला. तीच बाजू. तीच कोर, तेवढीच काळी. जणू कोणीतरी पहिल्या केकवरून गिरवून काढली होती.

 मग जीनाला हसू आलं, ते तिने ओढणीत दाबलं.

"तू डावरा आहेस का?" प्रिस्काने जितेंद्रला विचारलं.

"नाही."

"मग काय आहेस?"

"मम्मी, मी आता अंघोळ करून घरी जाऊ का?"

"कुठे जायचं नाही." तिचा आवाज एकदम चढला आणि तिलाच तो आवडला नाही. "लोक येतील आणि म्हणतील, तो गेला आणि हिचा केक जळला. तिकडे सिमेट्रीत झोपून तो जिंकणार, आणि मी इथे ह्या उश्या खात बसणार."

जीनाचं हसू गेलं. "मम्मी, असं कोण म्हणेल?"

"तो म्हणेल."

कुणीकडेही नाही

जयवंत फाटकातून आला तो वास घेतच. टोपी हातात, इस्त्रीचा शर्ट. आमंत्रण त्याला कधीच लागत नसे.

"वहिनी, म्हनलं यंदा काय होनार नाय. पन वास आला रस्त्यापर्यंत." त्याने ताटातले दोन केक बघितले. एकावर एक कोर, दुसऱ्यावर एक कोर. बघताना त्याचा चेहरा काहीसा गोंधळला, आणि मग गोंधळ गेला.

"दांडा येकाच जागी ठेवलेला काय?"

"मग कुठे ठेवणार? डोक्यावर?"

"फिरवला नाय?"

"जयवंतभाऊ, आता तुम्ही पण सुरू करू नका. गेला तो फिरवणारा."

जयवंत खाली बसला. त्याने रिकामा तवा ओढून घेतला, पालथा केला आणि अंगणातला एक खडा उचलला. तव्याच्या एका बाजूला खड्याने ठोकलं. *ठक.* मग दुसऱ्या बाजूला. *टण्ण.*

पुन्हा. *ठक. टण्ण.*

जितेंद्रने कान पुढे केला. "आवाज वेगळाय."

"येका अंगाला जाड, येका अंगाला पातळ. पातळ अंग लवकर तापतं, तिथं जळतं. जाड अंग कच्चं ऱ्हातं." जयवंतने तवा सुलटा केला. "लग्नानंतरचा तुमचा पहिला नाताळ, वहिनी. सुट्टीच्या दिशी आमी दोघं फाउंड्रीत गेलो, चोरून. उरलेलं बिड होतं. लुईसनं साचा केला, मी ओतलं. वाळूच्या साच्याची वरची पेटी कलली जराशी. वाळू झाडल्यावर कळलं. मी म्हनलं, फोड, दुसरा ओतू. पन बिड संपलेलं. आनि त्यानं तुम्हाला आदल्या दिशीच सांगून ठेवलेलं, तुला तवा आनतो म्हनून."

प्रिस्काने हात काखेतून काढले. सकाळपासून पहिल्यांदा. तिने तवा मांडीवर घेतला आणि काठाखाली अंगठा नि बोट लावून चिमटीत धरून हळूहळू सरकवत नेलं. जाड. जाड. कमी. पातळ. काठ वरून मात्र सगळीकडे सारखा होता, कानशीने घासून घासून सारखा केलेला, बघणाऱ्याला कळू नये असा.

दांड्याला धरून उचलला की हा तवा डावीकडे कलायचा. इतकी वर्षं तिला वाटत आलं होतं, आपलं मनगट कमजोर.

"मूर्ख," ती म्हणाली. "सांगता येत नव्हतं? तोंड नव्हतं त्याला? मी दर वर्षी ओरडत होते, पाय भाजून घेतला, तरी बोलला नाही! एक शब्द! मला सांगितलं असतं तर मी फिरवला असता!"

"तुम्ही फिरवला असता," जयवंत म्हणाला. "मग त्यानं काय करायचं होतं?"

विहिरीकडून बादलीचा आवाज आला. जीना पाणी काढायला गेली होती. पाण्याची गरज कुणालाच नव्हती.

"बघत काय बसलास?" प्रिस्का जितेंद्रवर खेकसली. "बरणी आण. शेवटची आहे. सांडलीस तर साताऱ्याला पाठवीन. आणि कोपऱ्यातला तो पाट दे इकडे."

भिंतीकडे

पीठ जितेंद्रने कालवलं, तव्यात जितेंद्रने ओतलं, निखारे त्यानेच लावले. आता त्याला सांगावं लागत नव्हतं, तरी प्रिस्का सांगत होती. पाटावर ती बसली तेव्हा गुडघे कुरकुरले. पाट तिच्या कल्पनेपेक्षा बुटका होता. इथून घर वेगळंच दिसत होतं. स्वयंपाकघराची खिडकी बरोबर समोर. आत कुणी पीठ कालवत असलं तर खांद्यापासून वर सगळं दिसेल.

"मम्मी, पण तुम्ही हात लावायचा नव्हता ना?" जितेंद्र म्हणाला.

"केकला कुठे लावते? दांड्याला लावते."

तिने फडकं घेतलं.

विहिरीकडे

"आता?" जितेंद्र.

"थांब."

"किती वेळ?"

"तो कधी घड्याळ बघत होता? थांब म्हटलं ना."

फणसाकडे

फाटक वाजलं आणि रोझमेरीबाय आत आली. हातात बेकरीचा पारदर्शक डबा, डब्यात हिरव्या-लाल ठिपक्यांचा केक. ती चार पावलं आली आणि थांबली. चूल. धूर. पाटावर भावजय. भावजयीच्या हातात दांडा.

"प्रिस्का!"

"बस ना, बाय. खुर्ची रिकामीच आहे."

"हात लावलास?"

"जावयाने केला. विचार त्याला."

रोझमेरीबायने जितेंद्रकडे बघितलं. त्याच्या केसात पीठ होतं, गालावर काजळी, आणि शर्टावर अंड्याचा बलक. पुरावा भक्कम होता.

"आणि हे काय चाललंय मग?" तिने दांड्याकडे बोट केलं.

"आग बघते," प्रिस्का म्हणाली.

रोझमेरीबाय काहीतरी बोलणार होती. तिचं तोंड उघडलंही होतं. पण तिने त्या पाटाकडे बघितलं, फडक्याकडे बघितलं, आणि डबा मांडीवर घेऊन खुर्चीत बसली. तिचा धाकटा भाऊ त्या पाटावर बसलेला तिनेही पुष्कळदा पाहिला होता.

रस्त्याकडे

दांडा मध्ये आला. जीना बादली घेऊन येत होती, ती थबकली आणि वळसा घालून गेली. कुणी ओरडलं नाही.

भिंतीकडे

केक ताटात आला. सगळीकडून सारखा तपकिरी. जितेंद्र खाली वाकून चारही बाजूंनी फिरला, कोर शोधत. नव्हती.

प्रिस्काने सुरी जीनाकडे दिली, मग आठवलं आणि जितेंद्रकडे दिली. पहिला तुकडा जयवंतचा. त्याने तोंडात टाकला, डोळे मिटले. सवयीने त्याचे ओठ हलले, "तर, —" आणि तो तिथेच थांबला. नुसता चावत राहिला.

रोझमेरीबायने आपला तुकडा उलटसुलट बघितला. वास घेतला. जरासा कोपरा खाल्ला. मग उरलेला सगळा.

"केला कुणी हा?" तिने विचारलं. "खरं सांगा."

जितेंद्रने छाती पुढे काढली. "मी —"

"जीनाच्या पप्पाने," प्रिस्का म्हणाली.

 जयवंतने टोपी डोक्यावर घातली आणि पुन्हा काढली.

"आणि पीठ?" रोझमेरीबायने विचारलं, जरा हळू.

"पीठ कोणीही कालवेल." प्रिस्का एकदम उखडली. "जितेंद्र, तोंडाकडे काय बघतोस माझ्या? ताटल्या आण. तो डबा बायचा आत ठेव, उश्यांच्या शेजारी. जीना, जयवंतभाऊंना पाणी दे, एवढं काढलंस ते. आणि कोणी त्या तव्याला साबण लावलात तर याद राखा. सांगून ठेवते. सगळं मलाच सांगावं लागतं या घरात, कोणाला म्हणून स्वतःहून काही —"

ती बोलत होती. तवा रिकामा होता, खाली नुसती राख, मध्ये एखादा लाल डोळा. बोलता बोलताच तिने फडकं उचललं, पुढे वाकली आणि दांडा भिंतीकडून जरासा विहिरीकडे केला.